केर्लीच्या फाट्यावर लाल बावटा

कोल्हापूर ते पन्हाळा सायकल शर्यतीला मदतनीस पाहिजेत, असा निरोप रंकाळ्यावरच्या आमच्या सकाळच्या ग्रुपवर आला आणि मी त्याच मिनिटाला नाव दिलं. 2020 च्या जानेवारीतली गोष्ट. मी स्वतः शर्यतीतली नव्हे. चाळिशीनंतर सायकल घेतली. रोज रंकाळ्याला वेढा आणि रविवारी फार तर फुलेवाडीच्या पुढं बालिंग्यापर्यंत, एवढीच माझी मजल. पण माझं माहेर पन्हाळा तालुक्यातलं. रत्नागिरी रस्त्यानं मी तीन वर्षं एसटीनं कॉलेजला ये-जा केली आहे. त्या रस्त्यावर पोरं-पोरी सायकलची शर्यत खेळणार आणि मी घरात चहा पीत बसणार, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

आणखी एक कारण होतं. आधीच्या ऑगस्टात महापूर येऊन गेला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. चिखली, आंबेवाडीत बोटी चालल्या. शिवाजी पुलापलीकडचा रस्ता कितीतरी दिवस पाण्याखाली होता. पाच महिने झाले तरी त्या गावांतल्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसत होती. त्याच रस्त्यावर काहीतरी चांगलं व्हावं, असं मला फार वाटत होतं.

मदतनिसांची बैठक शहरात एका हॉलमध्ये झाली. भिंतीवर नकाशा लावला होता. शिवाजी पूल ओलांडून सुरुवात, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ आणि तिथनं घाट चढून पन्हाळ्याच्या नाक्याअलीकडं शेवट. वीसेक किलोमीटर. कोण कुठं उभं राहणार, हे ज्याचं त्यानं सांगायचं होतं. बहुतेकांना पन्हाळा हवा होता, कारण शेवट तिथं, टाळ्या तिथं, आणि शेवटच्या चढाला माणूस कसा झुंजतो तेही तिथंच दिसतं. घाटातल्या वळणांनाही लोक मिळाले. केर्लीचा फाटा मात्र कुणी घेईना. मी हात वर केला.

केर्ली का नको होतं, ते संयोजकांनी मोकळेपणानं सांगितलं. तिथं उजव्या हाताला जोतिबाचा रस्ता फुटतो. शर्यत रविवारी आणि रविवार हा जोतिबाचा वार. पहाटेपासून जीपा, टमटम, मोटारसायकली डोंगराकडं वळत असतात. जोतिबाचे खेटे, म्हणजे माघातल्या रविवारच्या वाऱ्या, सुरू झाल्यावर तर रविवारी गर्दी आणखी वाढते, म्हणूनच खेट्यांच्या आधीची तारीख धरली होती. त्यात उसाचा हंगाम. पुरानं त्या वर्षी कारखाने उशिरा पेटले होते आणि पाण्यात बुडालेला ऊस फडातच वाळायच्या आत घालवायची सगळ्यांना घाई होती.

त्या बैठकीत मी शिकले, ते मला आधी अजिबात माहीत नव्हतं. मार्शलनं, म्हणजे रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मदतनिसानं, शर्यत बघायची नसते. शर्यतीकडं पाठ करून उभं राहायचं आणि डोळे ठेवायचे गाड्यांवर. सपाटीवर घोळका ताशी 40 किलोमीटरनं येतो, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. शंभर मीटरवरनं सायकली दिसल्या की आपल्या हातात नऊ सेकंद. तेवढ्यात जे करायचं ते आधीच झालेलं पाहिजे. दुसरी गोष्ट, घोळक्यातला स्वार रस्ता बघतच नाही. वारा कमी लागावा म्हणून तो समोरच्याच्या चाकाला चाक लावून असतो आणि त्याला फक्त ते चाक दिसतं. पुढचा चुकला की मागचे सगळे चुकतात. आणि तिसरी, रस्ता अडवायचा अधिकार आपल्याला नाही. तो पोलिसांचा. आपण हात जोडून विनंती करू शकतो, बस्स. केर्लीला माझ्याबरोबर होमगार्डचा एक जवान असणार होता.

शेवटी एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. मी ते वहीत लिहूनही घेतलं.

शर्यतीला अजून आठ दिवस होते. मी ठरवलं, आधीच्या रविवारी त्याच वेळी जाऊन फाट्यावर नुसतं उभं राहायचं. साडेसहाला पोचले तर अजून अंधारच होता. धुकं इतकं, की दहा पावलांवरचा माणूस आवाजावरनं ओळखावा. गुऱ्हाळाचा गोड धूर त्या धुक्यात अडकून राहिलेला. फाट्यावर एका मावशींचं चहाचं हॉटेल आहे. तिथं बाकावर बसून मी सव्वाआठपर्यंत काय काय येतं ते बघितलं.

आधी आल्या किटल्या. डेअरीला दूध घालायला निघालेल्या बायका, काही चालत, काही नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. बरोबर सात ते साडेसात. त्या रस्ता ओलांडतात आणि ओलांडताना बोलत असतात, त्यामुळं गाडीकडं लक्ष नसतं. मग दुधाचा टेम्पो. मग जोतिबाला जाणाऱ्या जीपा, आतनं गुलालानं माखलेल्या, दार उघडलं की ‘चांगभलं’चा गजर बाहेर येतो. आणि सव्वासातच्या सुमाराला बाजूच्या पाणंदीतनं उसाचा ट्रॅक्टर वर आला. मागं दोन ट्रॉल्या, मोळ्या इतक्या उंच रचलेल्या की तारेला लागतील असं वाटावं. पाणंदीचा शेवटचा चढ तो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढला आणि रस्त्यावर आल्यावरच त्यानं श्वास सोडला.

“रोज याच टायमाला येतोय त्यो,” मावशी म्हणाल्या. “रातभर टोळी भरती, आन सकाळी पहिली खेप.”

मी त्याच्या मागं गेले. तो पुढं चहाला थांबला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर, हाताला उसाच्या पाचोळ्याचे ओरखडे. मी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी शर्यत आहे, शंभरावर सायकली येतील, पाच-दहा मिनिटं थांबाल का?

त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, “ताई, थांबायला माझी ना न्हाई. पर कुठं थांबवणार ते सांगा. चढाला थांबवलासा तर भरल्या ट्रॉल्या मागं ओढत्यात, पुन्हा उचलत न्हाई गाडी. आन लई येळ धरलासा तर कारखान्यावर माझा नंबर जातोय. नंबर गेला की ऊस दुपारभर उन्हात. वजन कुणाचं घटतंय? शेतकऱ्याचं.”

मला त्याचं म्हणणं लख्ख पटलं. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो आणि पैसे वजनावर मिळतात. आमची दहा मिनिटं आणि त्याची दहा मिनिटं एकाच भावाची नाहीत. आम्ही दोघं पाणंदीत उतरलो. चढ सुरू व्हायच्या आधी, फाट्यापासून दीडशे पावलांवर आंब्याचं एक झाड आहे आणि त्याच्याखाली जमीन सपाट. तिथं थांबायचं ठरलं. मी बावटा खाली केला की निघायचं. त्याचा फोन नंबर घेतला, माझा दिला. त्याच्या ओळखीचे आणखी दोघे चालक होते, त्यांनाही तोच सांगणार होता.

डेअरीत गेले. तिथल्या सचिवांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘पुढील रविवारी सायकल शर्यत, सात ते आठ रस्ता ओलांडताना जपून.’ बायकांपैकी एक काकू म्हणाल्या, “पोरीबी हायत व्हय शर्यतीत?” आहेत म्हटल्यावर त्यांनी शेजारणीला कोपर मारलं आणि दोघी हसल्या. मला वाटतं, शर्यतीचं अर्धं काम त्या रविवारी झालं. रस्ता ज्यांचा आहे त्यांना आधी विचारलं की ती माणसं आपली होतात, आणि ऐन वेळी नुसती शिट्टी मारली की ती आपल्यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

शर्यतीच्या दिवशी मी साडेपाचला केर्लीत होते. जाकीट, शिट्टी, लाल आणि हिरवा बावटा, पाण्याची बाटली. कमरेच्या पिशवीत माझ्या नेहमीच्या वस्तू, त्यात ट्यूब, पाना आणि हवेच्या पंपाला लावायची ती छोटी पितळी टोपी. आदल्या संध्याकाळी संयोजकांची माणसं येऊन फक्कीनं पन्हाळ्याकडं बाण मारून गेली होती. मी बॅटरीच्या उजेडात बघितला. बाण होता, पण रात्रीतनं त्यावरनं गाड्या गेल्या होत्या आणि वर दव पडलं होतं. पांढरं फिसकटलं होतं. मला दिसत होतं म्हणून मी पुढं गेले. इथं मी चुकले. मला दिसतोय हे पुरेसं नव्हतं, चाकाकडं मान घातलेल्याला दिसायला पाहिजे होतं.

बाकी सगळं ठरल्यासारखं झालं. पावणेसातला होमगार्ड आला, विशीतला मुलगा, कामाला चोख. सातला फोन आला, शर्यत सुटली. सात बारा झाले तेव्हा पाणंदीतनं ट्रॅक्टरचा आवाज आला आणि आंब्याच्या झाडापाशी बंद झाला. डेअरीसमोर बायका किटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी एका ओळीत. होमगार्डनं जोतिबाकडं निघालेल्या तीन जीपा बाजूला घेतल्या.

शर्यतीच्या पुढं चालणारी लाल झेंड्याची जीप गेली. मी शर्यतीकडं पाठ केली.

घोळका जवळ आल्याचं मला आधी कानानं कळलं. सायकलींचा असा एकत्र आवाज मी कधी ऐकला नव्हता. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी साखळ्यांची सळसळ, मध्येच कुणीतरी ओरडून मागच्याला खड्डा दाखवतोय. वारा पाठीला लागला आणि ते गेले. वीस सेकंद झाले असतील. डेअरीपाशी टाळ्या वाजल्या. जीपेतनं कुणीतरी “जोतिबाच्या नावानं” म्हणालं आणि सगळ्यांनी “चांगभलं” म्हणून साथ दिली. मी मागं वळून बघितलं नाही. बघावंसं मात्र फार वाटलं.

त्यानंतर तुटक तुटक लोक येऊ लागले. दोघे, चौघे, एकटा. या वेळी मार्शलचं काम जास्त अवघड असतं, कारण घोळका लोकांना दिसतो पण एकट्या सायकलवाल्यासाठी कुणी थांबत नाही. होमगार्ड आंब्याच्या झाडाकडं गेला होता. मधल्या फटीत एक ट्रॅक्टर काढून द्यावा असं आमचं ठरलं होतं आणि तो काम बरोबर करत होता.

तेवढ्यात एक मुलगा माझ्यासमोर येऊन थांबला. मागचं चाक बसलेलं. त्यानं भराभर चाक काढलं, टायर उचकटलं, नवी ट्यूब बसवली. हात सराईत होते. पण त्याचा पंप कुठंतरी वाटेत पडला होता. सामानाची गाडी घोळक्यामागं पुढं निघून गेलेली. फाट्यावरचे सायकलवाले मामा आपला मोठा उभा पंप घेऊन धावत आले. पण तो पंप शर्यतीच्या सायकलीच्या त्या काडीसारख्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. मामांनी दोनदा लावून बघितलं, हवा फसफसून बाहेर. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यावर लागणारी पितळी टोपी माझ्या पिशवीत होती. बोटाच्या पेराएवढी. ते मला जेव्हा आठवलं तेव्हा दुसरं काहीच आठवलं नाही. मी जागा सोडली. बारा पावलं असतील. गुडघ्यावर बसून टोपी व्हॉल्व्हवर फिरवली, मामांनी पंप मारला, टायर ताठ झालं. एक मिनिट, फार तर दीड.

उठले तेव्हा तीन पाठी जोतिबाच्या रस्त्यानं वर चालल्या होत्या.

मी शिट्टी मारली. मारतच राहिले. पुढं एक मुलगा, त्याच्या चाकाला लागून दुसरा, आणि तिसरी एक मुलगी. चढ सुरू झाला होता, माना खाली होत्या आणि त्यांना वाटत असणार की हाच घाट. मी धावून पोचणार नव्हते आणि आता परत जागा सोडणार नव्हते. रस्त्याच्या कडेला एक तरुण रिकाम्या किटल्या लावून मोटारसायकलवर बसला होता. मी नुसतं त्यांच्याकडं बोट केलं. त्यानं एक शब्द विचारला नाही. किटल्या खडखडत गाडी वर गेली.

ते परत आले तेव्हा चार मिनिटं गेली होती. दोघं मुलं काही न बोलता वळून पन्हाळ्याकडं निघाली. मुलीनं मात्र जाता जाता माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. नुसतं बघितलं, जाकिटाकडं, हातातल्या बावट्याकडं. मी त्या तिघांचे नंबर हाताच्या तळव्यावर लिहिले.

पुढचा पाऊण तास मी त्या जागेवरनं हलले नाही. मामांकडनं झाडू मागवून फिसकटलेला बाण झाडून घेतला, डेअरीतनं पसाभर चुना आणवून नवा मोठा बाण काढवून घेतला आणि जोतिबाच्या तोंडाला एक आडवी फुली. तिघांच्या नंतर कुणी चुकलं नाही. शेवटी हौशी गटातले साध्या सायकलीवरचे आले. एक साठीचे आजोबा, धोतर खोचलेलं, कॅरिअरला डबा. मागं हिरव्या झेंड्याची गाडी त्यांच्या वेगानं चाललेली. डेअरीतल्या काकूंनी त्यांना थांबवून ताक पाजायचा हट्ट केला, त्यांनी चालत्या सायकलवरनंच पेला घेतला आणि पुढच्या टपरीवर ठेवून गेले.

मी बावटा खाली केला. आंब्याच्या झाडाखालनं दुसरा ट्रॅक्टर सुरू झाला, पाणंद चढून वर आला. चालकानं माझ्याकडं बघून दोन बोटं कपाळाला लावली. त्याला मी किती थांबवलं होतं ते घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं.

तशीच पन्हाळ्याला गेले. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी केळी, चिक्की आणि गर्दी होती. आधी संयोजकांना गाठून जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, जागा मी सोडली होती हे सुद्धा. त्यांनी लिहून घेतलं. निकालात फरक करता येणार नव्हता, तसा नियम होता. मग तळव्यावरचे नंबर शोधत फिरले. दोघं मुलं सापडली, “असू दे ताई, पुढच्या वेळी,” म्हणाली. मुलगी पायरीवर बसून बूट सोडत होती. इचलकरंजीची, बारावीतली. मुलींच्या गटात ती चौथी आली होती. तिसरीत आणि तिच्यात दोन मिनिटांचं अंतर होतं.

मी तिला सगळं सांगितलं. पंक्चर, टोपी, बारा पावलं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, “तो पंक्चरवाला पोचला का?”

पोचला होता. मी त्याला येताना बघितलं होतं.

“बरं,” ती म्हणाली. “पण ताई, बाण दिसलाच नाही मला. आणि दोन माणसं पाहिजेत तिथं.”

हे वाक्य मी संयोजकांच्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं. त्यानंतर कोरोनानं सगळंच बंद पडलं. शर्यत पुन्हा भरली तेव्हा मी आपणहून केर्लीच मागितलं आणि माझ्याबरोबर दुसरा मदतनीस मागितला. आता नियम असा आहे, की कुणाला मदत लागली तर एकानं जायचं आणि दुसऱ्यानं जमिनीला खिळून राहायचं. बाण तीन असतात, दोनशे पावलांपासून सुरू होणारे, आणि फक्की पहाटे मारायची, आदल्या रात्री नाही. जोतिबाच्या तोंडाला फुली आणि तिच्यामागं पट्टी. पितळी टोपी सायकलवाल्या मामांकडं एक कायमची ठेवून दिली आहे.

त्या दुसऱ्या शर्यतीच्या सकाळी मी बावटा काठीला बांधत होते. धुकं तसंच होतं, धुराचा वासही तोच. सव्वासात व्हायचे होते. पाणंदीतनं ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मी हात वर करायच्या आत आंब्याच्या झाडाखाली बंद झाला.